दोनशे चाळीसनं भागायचं

तुम्हाला न्यायला मी मुद्दाम एक बिनमहत्त्वाचा शनिवार निवडला आहे: 5 जानेवारी 1991, पुणे. चंद्रशेखर पंतप्रधान होऊन दोन महिनेही झालेले नाहीत. आखातात युद्ध पेटायला बारा दिवस आहेत. राजीव गांधी बाहेरून पाठिंबा देऊन सरकार तोलून धरताहेत, आणि त्यांच्यापाशी आता साडेचार महिनेच उरलेत, हे या शहरात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. यातलं काही कुणाला सांगायचं नाही, एवढी एकच अट.

रात्रीच्या एस.टी.नं सोलापूरहून मामाकडे आलेलं भाचरू म्हणून तुम्ही इथे आहात. नारायण पेठेतला वाडा, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली सामाईक नळ. सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात. प्रत्येक बिऱ्हाडात रेडिओ तोच, आवाज तोच, त्यामुळे जिना उतरून नळावर जाऊन परत येईपर्यंत तुमची एकही बातमी बुडत नाही. आजी स्टोव्हला पिन मारते आहे. आखातातल्या गडबडीपासून रॉकेलची रांग लांबली आहे, आणि इराकचा हुकूमशहा आजीला शेजारच्या माणसाइतका ओळखीचा झाला आहे. त्याचं नाव घेऊन ती बोलत नाही. "तो मेला" म्हणते, की घरात सगळ्यांना कळतं.

मामा बँकेत क्लार्क आहे आणि युनियनचा शाखा सचिव. मामी महापालिकेच्या शाळेत शिकवते. ताई बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी टिळक रोडला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. माणसं एवढीच.

"चल बँकेत," मामा म्हणतो. "आज बारापर्यंतच पब्लिक आहे. नंतर आमचं खरं काम."

लक्ष्मी रोडवरची ती शाखा नीट बघून घ्या. आता तशी जागा कुठेही उरलेली नाही. पितळी टोकनं हातात घेऊन बाकावर बसलेली माणसं, जाळीच्या पिंजऱ्यातला कॅशियर, आणि काउंटरमागे उंच स्टुलांवर बसलेले लेजर कीपर. लेजरं इतकी जड की शिपाई एका वेळी दोनच उचलतो. तुम्ही शंभर रुपये काढायला स्लिप दिलीत, की ती आधी लेजरपाशी जाते, तुमचं पान उघडतं, रक्कम वजा होते, शिल्लक शाईनं लिहिली जाते, मग चेकिंग करणारा अधिकारी तिथे इनिशियल करतो आणि त्यानंतर स्लिप पिंजऱ्याकडे निघते. वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तुमच्या शंभर रुपयांवर तीन माणसांची नजर पडलेली असते, आणि पैकी एकानं तरी "वडील कसे आहेत आता?" असं विचारलेलं असतं.

बाराला दार अर्धं ओढलं जातं. डिसेंबरअखेरचं व्याज लावायचं काम अजून संपलेलं नाही. मामा तुम्हाला शेजारी बसवून घेतो.

"हे बघ. बचत खात्याचं व्याज महिन्यातल्या कुठल्याही शिलकेवर मिळत नाही. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत सगळ्यात कमी शिल्लक कोणती, ती शोधायची. ते झालं त्या महिन्याचं प्रॉडक्ट. असे सहा महिन्यांचे सहा प्रॉडक्ट काढायचे, बेरीज करायची आणि दोनशे चाळीसनं भागायचं."

"दोनशे चाळीसच का?"

"व्याज पाच टक्के. बारा महिने गुणिले शंभर, बाराशे. बाराशेला पाचानं भाग. आलं?"

येतं. एका खात्याला तुम्हाला चार मिनिटं लागतात. मामाला अर्ध्या मिनिटाहून कमी. त्याची पेन्सिल शिलकेच्या रकान्यातून खाली घसरत जाते आणि बरोबर सगळ्यात लहान आकड्यापाशी थांबते. मग सगळ्या पानांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. आज जुळत नाही. पंचेचाळीस रुपयांचा फरक आहे. "नवानं भाग जातो," पलीकडच्या टेबलावरच्या बाई मान वर न करता म्हणतात, आणि चौघंजण एकदम कामाला लागतात. फरकाला नवानं भाग गेला की बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातून दोन आकडे उलटे पडलेले असतात; 61 च्या जागी 16. पाऊण तासानं ते सापडतात. सापडवणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही, फक्त चहा येतो. पण सगळ्यांचे खांदे सैल झालेले तुम्हाला दिसतात. मला त्या शाखेतलं सगळ्यात सुंदर दृश्य हेच वाटतं.

आता उजवीकडच्या कोपऱ्यात बघा. ॲल्युमिनियमच्या पार्टिशनमागे, खास तिच्यासाठी बसवलेल्या एअर कंडिशनरच्या गारव्यात एक मशीन आहे. कर्मचारी तिला ए.एल.पी.एम. म्हणतात, ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. चालू खात्यांचं पोस्टिंग तिच्यावर होतं. शिल्लक ती काढते, छापते, आणि आकडे उलटे पाडत नाही. तिच्यावर बसणाऱ्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता आहे. सीनिऑरिटीनं ती जागा मामाच्या वाट्याला येत होती. त्यानं ती घेतली नाही, पुढच्या नंबराच्या बाईंना दिली. याच मशीनविरुद्ध तो चार वर्षं गेटवर उभा राहिला होता.

त्या गेटबद्दल इथे थांबून बोललं पाहिजे, कारण पुढच्या काळात ही माणसं सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाली. "संगणकाला विरोध करणारे" म्हटलं की आज माणसं हसतात. त्यांनी एकदा तुमच्यासारखं या स्टुलावर बसून पाहावं. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात इलाको हाउसमध्ये संगणक येऊ नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला, तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न यंत्राचा नव्हताच. घरातल्या एकुलत्या एका पगाराचा होता. बँकांत सप्टेंबर 1983 मध्ये पहिला करार झाला, मार्च 1987 मध्ये दुसरा. मधल्या काळात डॉ. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला, राजीव गांधींचं नवं संगणक धोरण आलं, एकविसाव्या शतकाची भाषणं झाली. पण शाखेत मशीन येण्याआधी टेबलाच्या दोन बाजूंना माणसं बसली. कुठल्या शाखांत, किती मशीन, कुणाला ट्रेनिंग, किती भत्ता, हे कागदावर आलं, आणि कुणाची नोकरी जाणार नाही हेही आलं.

"आम्ही हरलो असं लोक म्हणतात," मामा चहाचा ग्लास ठेवत म्हणतो. "मशीन तर आलंच ना, म्हणतात. अरे, ते येणारच होतं. ते कसं येणार, हे ठरवायला आम्ही होतो. एवढ्यासाठी उन्हात उभे राहिलो."

मला तो बरोबर वाटतो. तेव्हाही वाटला असता. ज्याला यंत्राशेजारी आयुष्य काढायचं आहे त्याला विचारून यंत्र आणायचं, ही त्या काळातली फार मोठी सभ्यता होती. आपल्या डोळ्यांदेखत गेल्या काही वर्षांत जी यंत्रं लिहायला, बोलायला, चित्रं काढायला लागली, ती आणताना कुठल्या टेबलावर कोण समोरासमोर बसलं होतं, हे तुम्ही स्वतःला विचारून पाहा.

पण हाच माणूस मुलीला कॉम्प्युटर शिकवतो आहे. शाखेत यावरून कुजबुज होते, हे तुमच्या कानावर येतं. मला त्यात विसंगती दिसत नाही. गेटवर तो अनेकांच्या वतीनं बोलत होता आणि त्यांना वेळ मिळवून देत होता. घरी तो त्या मिळालेल्या वेळाचा उपयोग करत होता.

साडेपाचला तुम्ही ताईबरोबर क्लासला निघता. वाटेत ती सांगते की विद्यापीठाच्या आवारात सी-डॅकमध्ये महासंगणक बांधताहेत. अमेरिकेनं क्रे द्यायला खळखळ केली, म्हणून आपलाच करायचा, तीन वर्षांत, तीस कोटींत. क्लासमधल्या एका मुलाचा भाऊ तिथे आहे. ती हे सांगताना चालण्याचा वेग वाढवते. त्याच वर्षी तो परम 8000 म्हणून जगासमोर येणार आहे. तुम्ही फक्त "हो का?" म्हणता.

क्लास म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत जाड पडदे आणि गारवा. धूळ चालत नाही म्हणून कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही. सहा पीसी-एक्सटी, हिरव्या अक्षरांचे पडदे, सव्वापाच इंची फ्लॉप्या. एका फ्लॉपीत 360 किलोबाइट मावतात. दोघांत एक मशीन, आणि अर्धा तासच. म्हणून सगळे प्रोग्रॅम आधी वहीत लिहून, बोटानं ओळीओळीतून चालवून पाहिलेले असतात. ताईच्या वहीतला कोबोलचा प्रोग्रॅम वाचा. इतक्या देखण्या अक्षरात तुम्ही आयुष्यात कोड पाहिलेला नाही.

तिच्या मशीनवर तिच्यासोबत अंबाजोगाईची एक मुलगी बसते, हॉस्टेलवर राहणारी. ऑगस्टमध्ये व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोग लागू केल्यावर दोघींचं एकदा चांगलंच वाजलं होतं. ताई गुणवत्तेवर बोलली होती. दुसरीनं विचारलं होतं, "तुमच्या घरात शिकलेली तू कितवी पिढी?" ताईनं मोजलं, चौथी निघाली. "मी पहिली," ती म्हणाली, आणि पुन्हा कीबोर्डकडे वळली. हे तुम्हाला ताईच सांगते, न लपवता. त्यानंतर तिचं मत पुरतं बदललं असं नाही, पण ती ते आता मोठ्यानं बोलत नाही, आणि अर्ध्या तासातली पहिली पंधरा मिनिटं ती मैत्रिणीला देते.

सर पहिलं मशीन चालू करतात. फ्लॉपी करकरते. पडदा अंधारा होतो आणि त्यावर एक ओळ उमटते: टाइप हॅपी बर्थडे जोशी.

शांतता. क्लासमध्ये दोन जोशी आहेत. दोघंही "सर, आम्ही काही केलं नाही" म्हणून उभे राहतात. सर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबतात. मशीन पुन्हा सुरू होतं आणि पुन्हा तीच ओळ. दुसऱ्या मशीनवर तेच, चौथ्यावर तेच.

तुम्हाला ठाऊक आहे हे काय आहे. जून 1990 मध्ये भारतात पहिल्यांदा सापडलेला जोशी व्हायरस. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, हार्ड डिस्कच्या पार्टिशन टेबलमध्ये तो लपून बसतो. वर्षभर गप्प असतो आणि 5 जानेवारीला मशीन अडवून वाढदिवसाच्या शुभेच्छा मागतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनं मशीन बंद होत नाही, मेमरीत तो टिकून राहतो. इंटरनेटचं नाव या खोलीत कुणी ऐकलेलं नाही. तो खिशातून, दप्तरातून, मित्राकडून मागून आणलेल्या फ्लॉपीतून, पाहुण्यासारखा पायी चालत इथवर आला आहे, आणि इथून तसाच जगभर गेला.

"टाइप करून बघू या का?" अंबाजोगाईची मुलगी विचारते.

सर नको म्हणतात. मग थोड्या वेळानं, दुसरा इलाज सुचत नाही तेव्हा, "कर" म्हणतात. ती एका बोटानं अक्षरं टिपत जाते. शेवटचं अक्षर पडतं आणि मशीन सुरू होतं. खोलीत टाळ्या पडतात. एक जोशी तर चक्क लाजतो. पण सर हसत नाहीत. ते वीज पुरती बंद करायला लावतात, कपाटातून मूळ डॉसची, चिकटपट्टी लावून खाच बंद केलेली फ्लॉपी काढतात आणि एकेक मशीन साफ करायला बसतात. आजचा सराव बुडतो. कुणी घरी जात नाही. सगळे सरांच्या मागे उभे राहून बघतात, आणि मला वाटतं त्या दिवशी ती मुलं जे शिकली ते अभ्यासक्रमात नव्हतं: मशीनच्या आतही कुणीतरी माणूसच बसलेला असतो, त्याच्या हेतूंसकट.

जेवणं आठ वाजता. भाकरी, वांग्याची भाजी, आजीचं मेतकूट. ताई जोशी व्हायरसची गोष्ट सांगते आणि मामा खूप वेळ हसतो. मग गंभीर होतो. "म्हणजे आमच्या लेजरात शिरला तर?"

"तुमच्या लेजरात माणसं शिरतात, बाबा. नवानं भाग जातो म्हणून सापडतात."

आजीला हे कळत नाही. तिला राममंदिर कधी होणार हे हवं आहे. शिळेसाठी तिनं सव्वा रुपया दिलेला आहे. ऑक्टोबरअखेर अयोध्येत गोळीबार झाल्यापासून मामा या विषयावर तिच्याशी बोलत नाही, आणि बोलत नाही हे तिला खुपतं. "दिला तो सव्वा रुपया माझ्या भाजणीच्या पैशांतला होता," ती तुमच्याकडे बघत म्हणते. म्हणजे खरं तर मुलाला सांगते. मामी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढते. त्या घरात वाद मिटवण्याची ती रीत होती. वाद मिटत नसे, पण कुणी अर्ध्या जेवणातून उठतही नसे.

हात धुऊन झाल्यावर मामी तिची पिशवी उघडते. पुढच्या महिन्यात शिरगणती आहे, 9 ते 28 फेब्रुवारी, आणि शिक्षकांनाच प्रगणक नेमतात. मागच्याच वर्षी तिनं विधानसभेची मतमोजणी केली होती, रात्रभर शिक्क्यांच्या मतपत्रिका उलगडून, गठ्ठे बांधून. काँग्रेस 288 पैकी 141 वर थांबली, शरद पवारांनी अपक्षांच्या मदतीनं सरकार केलं. मामीला त्यातलं आठवतं ते हे, की दोन दिवस तिच्या अंगठ्याची शाई जात नव्हती. मतदानाची यंत्रं तयार आहेत, हे तिनं वाचलंय. 1982 मध्ये केरळात परवूरला पन्नास केंद्रांवर ती वापरली गेली होती आणि दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात तरतूद नसताना यंत्रानं मत घेता येणार नाही. तरतूद झाली, यंत्रंही बनली. आता ती गोदामात पडून आहेत आणि 1998 पर्यंत पडूनच राहणार आहेत. "बघ," मामा म्हणतो, "तिथेही आधी विचारावं लागलं."

मामीला आज सराव करायचा आहे. ती आजीसमोर फॉर्म घेऊन बसते.

"तुम्ही काम करता का?"

"मी कसलं काम करते? घरात बसून असते."

"असं उत्तर आलं की थांबायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय," मामी तुम्हाला म्हणते. या वेळच्या प्रश्नात शब्द वाढवलेत: शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं काम धरून. बायकांचं काम मोजण्यातून सुटतं, म्हणून. ती पुन्हा आजीकडे वळते. "भाजणी कोण दळून आणतं? मेतकूट कोण करतं? दुकानदाराकडे हिशेब कुणाचा?"

"ते होय. ते काय, काम आहे का?"

"पैसे येतात ना?"

आजी गप्प बसते. मग हळूच आकडा सांगते. मामाला तो आजवर माहीत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मामी फॉर्ममध्ये लिहिते: घरगुती उद्योग. आजीला ते दोनदा वाचून दाखवावं लागतं. 28 च्या रात्री मामी कंदील आणि शिपाई घेऊन मंडईच्या बाजूला फुटपाथवर जाणार आहे, ज्यांना घर नाही त्यांना मोजायला. त्या मोजणीत भारत 84 कोटींच्या पुढे निघाला. पुस्तकात तो आकडा वाचताना तुम्हाला यापुढे आजीचं भाजणीचं पीठ आठवलं, तर मला बरं वाटेल.

रात्री गॅलरीत मामा तुमच्याशेजारी उभा राहतो. त्याला काहीतरी विचारायचं आहे. तुम्हाला जे माहीत आहे ते आता घशाशी येतं. दहा वर्षांनी, 2000-01 मध्ये, सरकारी बँका स्वेच्छानिवृत्तीची योजना आणतील. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार. सुमारे एक लाख माणसं एकाच लाटेत बाहेर पडतील. मामाही त्यांत असेल, बावन्न वर्षांचा, हात अजून अर्ध्या मिनिटात प्रॉडक्ट काढणारा. "कुणाची नोकरी जाणार नाही" हा शब्द पाळलाच जाईल, कारण नोकरी तो स्वतःच सोडेल, सही करून. पण ती दहा वर्षं त्याच्या पदरात पडलेली असतील. या घराचं कर्ज, आजीचं दुखणं, ताईचं शिक्षण, सगळं त्या दहा वर्षांत बसेल. करारानं हेच मिळवलं होतं आणि ते थोडं नव्हतं.

"सर म्हणतात, पुढचा कोर्स निवडायचा आहे," मामा म्हणतो. "एक हार्डवेअरचा आहे. दुसरा कोबोलचा, सहा महिन्यांचा. फी दोन्हींची डोईजड आहे, सोसायटीतून कर्ज काढावं लागेल. तू शिकलेलं आहेस. काय करावं?"

या एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ शकता, अट न मोडता. सहा-सात वर्षांनी जगभरच्या कंपन्यांना कळणार आहे की त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेत आणि 2000 साल उजाडलं की यंत्रांना ते 1900 वाटेल. कोबोल येणाऱ्या माणसांना तेव्हा विमानं भरभरून बोलावणं येईल. ताईही जाईल, न्यू जर्सीला. वहीतल्या त्या देखण्या अक्षरासकट. मग ती तिकडचीच होईल, आणि या घरात संध्याकाळी आठला ताटं दोनच मांडली जातील. तुम्ही "हार्डवेअर" म्हणालात तर कदाचित ती पुण्यातच राहील, मामीच्या हाकेच्या अंतरावर.

मामा वाट बघतो आहे. खाली कुणीतरी नळाखाली घागर लावते. तुम्हाला वहीतला तो प्रोग्रॅम आठवतो, ओळीओळीवरून फिरणारं तिचं बोट, आणि महासंगणकाबद्दल सांगताना वाढलेला चालण्याचा वेग.

"कोबोल," तुम्ही म्हणता. "पण आधी तिला विचारा."

"तिला विचारलंय. तीही तेच म्हणते." तो खिशातून कागद काढतो, सोसायटीच्या कर्जाचा अर्ज आधीच भरलेला आहे, फक्त रकमेची जागा रिकामी आहे. गॅलरीतल्या दिव्याखाली धरून तो तिथे आकडा लिहितो, आधी अंकी, मग अक्षरी. "सोमवारी देतो. आणि तिला सांगून ठेव, पैसे भरले की पावती घ्यायची. पक्की. क्लासवाले वहीत लिहून ठेवतो म्हणतात, ते चालणार नाही."